अविभक्तांमधले दान: सुपरझूम कॅमेऱ्याच्या निमित्ताने

पतीने पत्नीला किंवा पत्नीने पतीला दिलेली वस्तू दान ठरते का, हा धर्मशास्त्रातला जुना आणि अवघड प्रश्न आहे. मीमांसकांनी दानाचे दोन भाग मानले. देणाऱ्याने वस्तूवरचे आपले स्वामित्व सोडायचे आणि त्याच वस्तूवर घेणाऱ्याचे स्वामित्व उभे राहायचे. याग, होम आणि दान यांतला फरक सांगताना शबरस्वामींनी हाच निकष लावला आहे. त्याग तिन्हींत असतो. दुसऱ्याचे स्वामित्व मात्र दानातच निर्माण होते. इकडे आपस्तंब धर्मसूत्र सांगते, की पती-पत्नींमध्ये विभागणी नसते. पाणिग्रहणापासून धर्मकृत्ये, त्यांची पुण्यफळे आणि द्रव्यसंग्रह या सगळ्यांत ती दोघे एकत्र असतात. या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की अडचण उभी राहते. विभागणीच नसेल तर एकाने सोडले काय आणि दुसऱ्याला मिळाले काय? उजव्या हातातले नाणे डाव्या हातात ठेवावे, तसा हा व्यवहार वाटू लागतो.

महाराष्ट्रात हा प्रश्न दिवाळीच्या पाडव्याला घरोघरी येतो. कार्तिक शुद्ध प्रतिपदेला पत्नी पतीला ओवाळते आणि पती तबकात ओवाळणी घालतो. पूर्वी ती साडी असे, चांदीचे नाणे असे, ऐपतीप्रमाणे एखादा दागिना असे. आता तबकात घड्याळ येते, फोन येतो आणि पत्नीला पाखरांचा नाद असेल तर सुपरझूम कॅमेराही येतो. दानाच्या प्रश्नाला सोन्यापेक्षा हा कॅमेरा अधिक कसाला लावतो. दागिना पत्नीच्या अंगावर असला तरी अडीअडचणीला तो घराचा आधार असतो, त्यामुळे तो कुणाचा हे बहुतेक वेळा विचारावे लागत नाही. कॅमेरा हे हत्यार आहे. ते कुणीतरी हातात घ्यावे लागते, डोळ्याला लावावे लागते आणि एका वेळी एकच डोळा त्यातून पाहू शकतो. तो कुणाचा, हे रोजच्या वापरात ठरते.

आपस्तंबाचे वचन फार ताणले तर दान अशक्य होते. परंपरेने ते तसे ताणलेले नाही. पती परगावी असताना पत्नीने प्रसंगी काही दिले तर ती चोरी नव्हे, हे आपस्तंबानेच लगोलग सांगून ठेवले आहे. म्हणजे एकत्रपणाचा अर्थ दोघांपैकी एकाची मालकी पुसली जाणे असा नाही. दोघांचाही अधिकार चालतो, असा आहे. जैमिनीच्या मीमांसासूत्रांच्या सहाव्या अध्यायात हा वाद सविस्तर येतो. स्त्रीला स्वतःचे द्रव्य नसते, म्हणून तिला यज्ञाचा अधिकार नाही, असा पूर्वपक्ष तिथे मांडला आहे आणि सिद्धान्तात तो खोडून काढला आहे: स्त्रीलाही द्रव्यावर स्वामित्व असते आणि यज्ञ दोघांनी मिळून करायचा असतो. कर्म एकत्र, पण कर्ते दोन. दानाला जागा मिळते ती या दोन असण्यामुळे.

स्त्रीधनाच्या विचारात ही जागा आणखी स्पष्ट होते. मनूने स्त्रीधनाचे सहा प्रकार सांगितले, त्यांत प्रेमाने दिलेल्या वस्तूला स्वतंत्र स्थान आहे. नारदस्मृतीप्रमाणे पतीने प्रसन्न होऊन दिलेली वस्तू पत्नीने पतीच्या पश्चातही हवी तशी उपभोगावी किंवा दुसऱ्याला द्यावी. अपवाद फक्त स्थावराचा. याज्ञवल्क्यस्मृती आणखी बारकाईने पाहते. दुष्काळ, धर्मकार्य, आजारपण किंवा अटक अशा संकटात पतीने स्त्रीधन वापरले तर ते परत करण्याचे बंधन या स्मृतीने त्याच्यावर घातलेले नाही. या चार प्रसंगांची यादी करावी लागली, यातच कळते की एरवी त्याला हात लावण्याचा अधिकार नव्हता. आधुनिक कायदा याच वाटेने पुढे गेला. 1956च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या चौदाव्या कलमाने हिंदू स्त्रीला तिच्या मालमत्तेची पूर्ण स्वामिनी केले आणि स्त्रीधन ही पत्नीची स्वतःची मालमत्ता आहे, सासरी ठेवल्याने ती सामाईक होत नाही, असा निवाडा सर्वोच्च न्यायालयाने 1985 साली दिला. कॅमेरा ही जंगम वस्तू. पाडव्याला तबकात ठेवला की धर्मशास्त्र आणि कायदा दोन्ही दृष्टींनी तो पत्नीचा होतो. अडचण राहते ती मनात आणि वागण्यात, आणि तिची सुरुवात कॅमेरा निवडण्यापासूनच होते.

स्मृतिकार देवलाने दानाची सहा अंगे सांगितली: दाता, घेणारा, श्रद्धा, योग्य मार्गाने मिळवलेली देय वस्तू, देश आणि काल. पुढच्या निबंधकारांनी, विशेषतः देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री याने आपल्या ‘चतुर्वर्गचिंतामणी’तल्या दानखंडात, या विषयाचा अफाट विस्तार केला. त्या विस्तारात वस्तूचे लक्षण सांगण्यावर फार भर आहे. गाय दुभती हवी, सवत्स हवी; म्हातारी, आटलेली गाय देऊन पुण्य मिळत नाही. घेणाऱ्याच्या उपयोगी न पडणारी वस्तू देणे म्हणजे आपल्या घरातली अडगळ दुसऱ्याच्या घरात लोटणे होय. हा निकष कॅमेऱ्याला लावायचा तर आधी त्याची घडण समजून घ्यावी लागते.

सुपरझूम कॅमेऱ्याची लेन्स बदलता येत नाही. एकाच लेन्समधून अंगणाचे रुंद दृश्य आणि तळ्यापलीकडच्या खांबावरचा पक्षी, दोन्ही टिपता यावेत ही त्याची कल्पना. दुकानात पहिल्यांदा पुढे येतो तो झूमचा आकडा. अनेकदा तो कॅमेऱ्याच्या अंगावरच छापलेला असतो. कॅननच्या एसएक्स 70चा झूम 65 पट, निकॉनच्या पी 950चा 83 पट, तर 2018 साली आलेल्या पी 1000चा 125 पट. हा आकडा म्हणजे लेन्सच्या सर्वांत लांब आणि सर्वांत आखूड नाभीय अंतरांचा भागाकार, एवढेच. तो चित्राच्या दर्जाबद्दल काही सांगत नाही. पी 950 ची लेन्स 35 मिलिमीटर फिल्मच्या मापाने 24 ते 2000 मिलिमीटर भरते. दोन हजारांवर, तीस मीटर अंतरावरच्या झाडाकडे कॅमेरा रोखला तर चौकटीत जेमतेम अर्ध्या मीटरचा तुकडा येतो. पांढऱ्या छातीचा खंड्या, चोचीपासून शेपटीपर्यंत वीतभराहून थोडा मोठा, त्या चौकटीचा निम्मा भाग व्यापून बसतो.

एवढी लांब लेन्स हातात धरता येईल इतकी लहान राहते, ती सेन्सर चिमुकला असल्यामुळे. बहुतेक सुपरझूम कॅमेऱ्यांतला सेन्सर सुमारे 6.2 बाय 4.6 मिलिमीटरचा, म्हणजे करंगळीच्या नखाहूनही लहान असतो. फिल्मच्या जुन्या चौकटीच्या तुलनेत त्याचे क्षेत्रफळ तिसाव्या हिश्शाच्या आसपास भरते. प्रकाश कमी पडला की त्याची किंमत चुकवावी लागते: चित्रात दाणे उठतात, पिसांचे रेषेसारखे तपशील पुसट होतात. सोनीच्या आरएक्स 10 मार्क 4 मध्ये सेन्सर त्याहून चौपट मोठा आहे, पण लेन्स 600 मिलिमीटरला थांबते. तीस मीटरवर त्याच्या चौकटीत जवळजवळ पावणेदोन मीटर रुंदीचे दृश्य येते आणि खंड्या त्यात लहानसा दिसतो. उलट, लांब टोकाला त्याची लेन्स पी 950 पेक्षा अधिक उघडते. सेन्सरचा आणि लेन्सचा हिशेब एकत्र केला तर तेवढ्याच वेळात एका चित्रासाठी सुमारे दहापट प्रकाश गोळा होतो. पहाटे किंवा सह्याद्रीतल्या दाट झाडीत हा फरक डोळ्यांना दिसतो. भिगवणला उजनीच्या उघड्या पाण्यावर, उन्हे वर आल्यावर, लांब पल्लाच अधिक कामाचा ठरतो.

म्हणून ‘सगळ्यांत चांगला कॅमेरा कोणता’ हा प्रश्नच चुकीचा आहे. कुणाच्या हातात, कुठे आणि केव्हा, हे विचारल्याशिवाय त्याला उत्तर नाही. आणि ही तर देवलाचीच अंगे आहेत. एसएक्स 70 सुमारे सहाशे ग्रॅम वजनाचा, पी 950 किलोभराचा, पी 1000 जवळपास दीड किलोचा. ज्यांचे मनगट दुखते, मानेला पट्टा सहन होत नाही, त्यांच्यासाठी सर्वांत मोठा झूम ही सर्वांत मोठी भेट ठरत नाही. पूर्ण झूमवर हाताचा बारीकसा कंपही पक्ष्याला चौकटीबाहेर फेकतो. म्हणून काही कॅमेऱ्यांच्या बाजूला एक बटण असते: ते दाबले की झूम क्षणभर मागे येतो, पक्षी पुन्हा सापडतो आणि बटण सोडताच लेन्स पहिल्या ठिकाणी जाते. होडी हेलकावत असताना रोहितांच्या थव्यातला एकच पक्षी धरायचा असेल तर या एका बटणाचे मोल झूमच्या चाळीस पटींहून जास्त असते. हे ठाऊक असायला पत्नी काय पाहते, कुठे पाहते, किती वेळ उभी राहते, याकडे पतीचे आधीपासून लक्ष असावे लागते. श्रद्धा हे जे दानाचे तिसरे अंग, ते या प्रकारच्या भेटीत अशा लक्षाचे रूप घेते. ज्याला हे माहीत नाही तो आकडा पाहून निवडतो, आणि आकडा देणाऱ्याच्याच मनाला सुख देतो.

याच ठिकाणी बृहदारण्यक उपनिषदातल्या मैत्रेयीची आठवण अपरिहार्य ठरते. घर सोडून निघालेले तिचे पती याज्ञवल्क्य तिच्यात आणि दुसरी पत्नी कात्यायनी हिच्यात मालमत्तेची व्यवस्था लावू पाहतात. मैत्रेयी विचारते, ही धनाने भरलेली सारी पृथ्वी मिळाली तरी अमर होता येईल का? नाही, असे उत्तर मिळाल्यावर ती देऊ केलेली वस्तू बाजूला सारते आणि याज्ञवल्क्यांना जे कळले आहे ते मागते. पती-पत्नींमधल्या देण्या-घेण्याचा इतका स्पष्ट प्रसंग उपनिषदांत दुसरा सापडणे कठीण. त्यात निवड घेणारीने केली आहे आणि देणाऱ्याने ती मान्य केली आहे. आजच्या भेटींमध्ये गुपिताला नको इतके महत्त्व आले आहे. वेष्टन उघडताना चेहऱ्यावर उमटणारे आश्चर्य ही देणाऱ्याची मिळकत असते. हजारो रुपयांचे, वर्षानुवर्षे वापरायचे हत्यार घेताना घेणारीला दुकानात नेऊन दोन-तीन कॅमेरे हातात धरू देणे, हे आश्चर्यापेक्षा दानाच्या कितीतरी जवळ जाते.

याच संवादात पुढे याज्ञवल्क्य सांगतात, की पती पतीसाठी प्रिय नसतो, पत्नी पत्नीसाठी प्रिय नसते. आत्म्यासाठी ही सारी प्रिय असतात. हे वरवर वाचले तर प्रत्येक भेट स्वार्थाची ठरते. शंकराचार्यांनी या भागाचा रोख वैराग्याकडे आहे असे दाखवले: बाहेरच्या गोष्टींवरचे प्रेम दुय्यम, आत्म्यावरचे मुख्य. पण वैराग्य न घेता घरात राहणाऱ्यांनाही त्यातून काही घेता येते. आपला आनंद देण्यात मिसळलेला असतो, हे नाकारण्याचे कारण नाही. तो आनंद वस्तूच्या निवडीवर चढून बसला की मात्र कॅमेरा पत्नीच्या हातात जाऊनही पतीचाच राहतो.

स्वामित्व नेमके कोणत्या क्षणी बदलते, यावर शास्त्रकारांत खरा मतभेद आहे. दायभागकार जीमूतवाहनांच्या मते दात्याने अमुक व्यक्तीला उद्देशून त्याग केला, त्याच क्षणी तिचे स्वामित्व जन्मते. तसे नसेल आणि घेण्यानेच दान पुरे होत असेल, तर घेणाराच दाता ठरायची पाळी येईल. कल्याणच्या विज्ञानेश्वरांनी ‘मिताक्षरे’त स्वीकारावर भर दिला आणि त्याचे तीन प्रकार केले: मनाने, वाचेने आणि शरीराने. शरीराचा स्वीकार कसा करावा, याचे दाखलेही तिथे येतात. गाय शेपटीला धरून घ्यावी, हत्ती सोंडेला, घोडा आयाळीला. प्रत्येक वस्तूला धरायची तिची अशी एक जागा आहे आणि तिथे घेणाऱ्याचा हात पडावा लागतो.

कॅमेऱ्यात ती जागा व्ह्यूफाइंडरशेजारी आहे. तिथे एक बारीक चकती असते. चष्मा काढून पाहणाऱ्याने ती आपल्या डोळ्याच्या नंबराप्रमाणे फिरवायची असते, म्हणजे आतले दृश्य रेखीव दिसते. पत्नीने ती स्वतःसाठी फिरवली की त्याच कॅमेऱ्यातून पतीला, त्याचा नंबर वेगळा असेल तर, धूसर दिसते. बहुतेक घरांत यानंतर काय होते ते सर्वांना माहीत आहे. तो कॅमेरा मागतो, चकती आपल्या डोळ्याला जुळवून घेतो, दोन चित्रे काढतो, ‘हे असे नाही, असे करायचे’ म्हणून मेन्यूतल्या चार गोष्टी बदलतो आणि परत देतो. मिताक्षरेच्या भाषेत सांगायचे तर शरीराचा स्वीकार तिथे मोडला. जीमूतवाहनांच्या भाषेत त्यागच पुरा झाला नव्हता. दोन मते वेगळ्या बाजूंनी येतात. पण या एका बाबतीत दोन्हींचा निर्णय एकच येईल. शिकवणे आणि सोडून देणे या दोन्हींत अंतर आहे. शिकवायचे ते विचारल्यावर शिकवावे, आणि चकतीला हात न लावता.

देय वस्तू योग्य मार्गाने आलेली असावी, ही अट कॅमेऱ्याच्या बाबतीत दोन ठिकाणी लागू पडते. पहिले ठिकाण पैशाचे. कुटुंबाला बाधा न येईल असे स्वतःचे द्रव्यच द्यावे, असे याज्ञवल्क्यस्मृती सांगते. हप्त्यांवर घेतलेला महागडा कॅमेरा घराच्या सामाईक मिळकतीतून फेडला जात असेल, तर त्याची निम्मी किंमत पत्नीने स्वतःच भरलेली असते. तिला न विचारता तिच्याच पैशांतून दिलेल्या वस्तूला भेट म्हणणे कठीण आहे. दुसरे ठिकाण पाखरांचे. लांब पल्ल्याची लेन्स अहिंसेच्या बाजूने जाते, कारण तिच्यामुळे घरट्यापासून, पिलांपासून दूर उभे राहता येते. जवळ जाऊन, फांद्या बाजूला सारून चित्र घेतले तर आईबाप घरटे सोडून जाण्याचा आणि पिले शिकाऱ्यांच्या नजरेस पडण्याचा धोका असतो. कमी दर्जाचे चित्र देणारा पण दुरून टिपणारा कॅमेरा या निकषावर वरचढ ठरतो, आणि हा निकष दुय्यम मानू नये.

गीतेच्या सतराव्या अध्यायात सात्त्विक दानाची एक कठीण अट आहे: ज्याच्याकडून परतफेड होणार नाही अशाला, योग्य स्थळी आणि काळी, देणे हे कर्तव्य आहे म्हणून द्यावे. मोबदल्यासाठी, फळावर डोळा ठेवून किंवा कुरकुरत दिलेले ते राजस. जोडीदार तर दिवसरात्र उपकार करत असतो, मग त्याला दिलेले कधीच सात्त्विक होणार नाही का? गीतेची अट काटेकोर घेतली तर उत्तर ‘नाही’ असेच येते, आणि ते मान्य करणे प्रामाणिकपणाचे आहे. जोडीदाराच्या भेटीतून पुण्य जोडायला जाऊ नये. देवलाने देण्यामागच्या सहा प्रेरणा सांगितल्या: धर्म, अर्थ, काम, लज्जा, हर्ष आणि भय. पाडव्याची ओवाळणी पुष्कळदा लज्जेने घातली जाते. शेजारी काय घातले, सासरच्यांसमोर काय दिसेल, हा विचार मागे असतो. ती हर्षाची व्हावी, एवढीच अपेक्षा रास्त आहे. मनूने सांगितले आहे, की बोलून दाखवल्याने दान क्षीण होते. कॅमेऱ्याची किंमत पाहुण्यांपुढे सांगणे आणि प्रत्येक लग्न-मुंजीला ‘कॅमेरा आहेच की तुझ्याकडे’ म्हणून पत्नीला कुटुंबाची छायाचित्रकार करून टाकणे, ही दोन्ही मोबदल्याचीच रूपे आहेत. तिला पाखरे पाहायची होती.

पाडवा ज्या बळीच्या नावाने साजरा होतो, त्याच्या कथेत देणाऱ्याच्या हाती मोजमाप राहत नाही. तीन पावले भूमी देताना बळीने पावले किती मोठी असतील हे विचारले नाही. शुक्राचार्यांनी सावध केले तरी शब्द मागे घेतला नाही. माप घेणाऱ्याच्या पायाचे होते.

या सगळ्या विवेचनात एक उणीव आहे, ती नोंदवली पाहिजे. धर्मशास्त्राने पतीकडून पत्नीकडे जाणाऱ्या वस्तूचा जितका विचार केला, तितका पत्नीकडून पतीकडे जाणाऱ्या वस्तूचा केलेला नाही. पाडव्यालाही वस्तू एकाच दिशेने जाते. आज मिळवती पत्नी पतीच्या वाढदिवसाला सुपरझूम कॅमेरा देते तेव्हा स्मृतींत तिच्यासाठी तयार नियम फारसे नाहीत; मात्र दानाची मूळ व्याख्या स्त्री-पुरुष पाहत नाही. तिनेही चकतीला हात लावू नये, आणि निवृत्तीनंतर त्याने वेळ कसा घालवावा याची तिच्या मनातली योजना कॅमेऱ्यासोबत देऊ नये.

उरतो तो कॅमेरा वापरलाच नाही तर काय, हा प्रश्न. दोन हिवाळे भिगवणला नेला, मग कपाटात गेला. किंवा पत्नीने तो भाचीला देऊन टाकला. किंवा विकून त्या पैशांत चांगली दुर्बीण घेतली, कारण तिला चित्रे काढण्यापेक्षा नुसते पाहत बसणे आवडते, हे तिला कॅमेरा वापरल्यावर कळले. नारदाच्या नियमाने जंगम वस्तूच्या बाबतीत हे तिन्ही तिच्या अधिकारात येते. देणाऱ्याला त्याचे वाईट वाटले तर ते स्वाभाविक आहे. त्याबद्दल तिला जाब विचारण्याचा अधिकार मात्र त्याने पाडव्याच्या दिवशीच सोडलेला असतो.